माल्फीची डचेस आणि तिचा अपराध

इंग्रजी नाटकांचा विषय निघाला कीं आपल्याकडे शेक्सपीअरच्या पलीकडे सहसा कोणी जात नाहीं. तें एका अर्थीं स्वाभाविकच आहे. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें, देवलांनीं १८९० मध्यें ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ उभा केला, आणि तेव्हांपासून त्या कवीचा मराठी घरांशीं जो घरोबा जडला तो आजतागायत टिकून आहे. परंतु त्याच नाटक मंडळीकरितां लिहिणारा, वयानें त्याच्याहून लहान असा जॉन वेब्स्टर नांवाचा एक नाटककार होऊन गेला, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवरून गेलें असेल. या खेपेस त्याच्या ‘डचेस ऑफ माल्फी’ या शोकान्त नाटकाविषयीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे. डचेस म्हणजे ड्यूकची पत्नी. आणि ड्यूक म्हणजे राजाच्या खालोखाल मान असलेला, स्वतःचा मुलूख असलेला सरदार. माल्फी म्हणजे इटलीच्या दक्षिणेस, नेपल्सपासून फार दूर नाहीं असें, समुद्रकांठीं डोंगराच्या उतरणीवर वसलेलें अमाल्फी गांव.

या नाटकाविषयीं वाङ्मयाच्या इतिहासांतून बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, त्यांत मृत्यु फार आहेत. आणि दुसरी, ते फार क्रूर रीतीनें घडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. मेणाचीं प्रेतें, मेलेल्या माणसाचा तोडलेला हात, वेड्यांचा नाच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिलेला गळफास, विष माखलेला धर्मग्रंथ, एवढें सारें एका नाटकांत सांपडल्यावर कालिदास-भवभूतींवर वाढलेल्या वाचकाला पहिल्या वाचनांत किळस आली तर नवल नाहीं. आपल्या नाट्यशास्त्रानें वध रंगभूमीवर दाखवूं नये असें सांगितलें. तिकडे तो दाखविण्याचीच अहमहमिका. परंतु किळस बाजूला सारून एक साधा प्रश्न विचारावा: या बाईनें केलें तरी काय? उत्तर एका ओळीचें आहे. नवरा वारल्यावर तिनें पुन्हां लग्न केलें, आणि तें आपल्या कारभाऱ्याशीं केलें. एवढ्यासाठीं तिला, तिच्या दासीला, आणि तिच्या दोन लेंकरांना गळे आवळून मारण्यांत येतें. ज्या समाजांत असें घडूं शकतें, किंवा घडलें असें लोकांना पटूं शकतें, तो समाज कोणता होता हें कळल्याशिवाय नाटक कळत नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. तरुण विधवा डचेसला दोन भाऊ आहेत: एक तिचा जुळा भाऊ फर्डिनंड, हा ड्यूक, आणि दुसरा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी. परगांवीं जातांना दोघेही तिला बजावतात कीं पुन्हां लग्नाचा विचारही मनांत आणूं नकोस. त्यांची पाठ फिरतांच ती आपल्या अंतोनियो नांवाच्या कारभाऱ्याला बोलावून आपण होऊन मागणी घालते. कारण त्याच्या दर्जाच्या माणसाला तोंड उघडण्याची सोयच नाहीं. लग्न गुप्त राहतें, मुलें होतात. भावांनीं ठेवलेला बोसोला नांवाचा हेर तिला पहिल्यानें आलेले कोंवळे जर्दाळू खायला देतो, आणि ती ते ज्या आवडीनें खाते त्यावरून तिचे डोहाळे ओळखतो. (घरांतील वडील बायकांना ही युक्ति सांगण्याची गरज नाहीं.) पुढें सारें फुटतें, ती पळते, पकडली जाते आणि मारली जाते. शेवटीं भाऊही उरत नाहींत. फर्डिनंडच्या मनांत बहिणीविषयीं जें कांहीं विकृत होतें त्याची चर्चा पंडितांनीं पुष्कळ केली आहे. ती येथें नको.

आतां, ही निव्वळ कविकल्पना नव्हे. अमाल्फीला अशी एक डचेस खरोखरच होऊन गेली. तिचें नांव जोव्हान्ना, आणि कुळ आरागोन. नेपल्सचा राजा पहिला फेर्दिनांदो याच्या एका अनौरस मुलाची ती मुलगी. म्हणजे राजाची नात, पण कडेच्या वाटेनें आलेली. जन्म १४७८ च्या सुमाराचा. १४९० मध्यें, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, तिचें लग्न अल्फोन्सो पिकोलोमिनीशीं झालें. हें पिकोलोमिनी घराणें दुसऱ्या पायस पोपचें. पोपच्या पुतण्याभाच्यांची त्या काळीं जशी सोय लागे तशी अमाल्फीची जहागीर त्यांच्याकडे आलेली होती. १४९८ मध्यें अल्फोन्सो वारला. जोव्हान्ना तेव्हां विशीची, आणि पोटुशी होती. मुलगा बापाच्या मागें जन्मला. त्याचें नांव बापाचेंच ठेवण्यांत आलें, आणि त्याच्या वतीनें आईनें अमाल्फीचा कारभार हातीं घेतला. तिनें तो चोख केला आणि नवऱ्याचें कर्जही फेडलें, असें सांगतात.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून त्या घराण्याच्या परिस्थितीकडे पाहिलें पाहिजे, कारण सगळी मेख तेथेंच आहे. १४९४ मध्यें फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलींत उतरला, आणि तेथून नेपल्सच्या आरागोनांचें आसन डळमळूं लागलें. १५०१ मध्यें फेदेरीगो राजाला गादी सोडून फ्रान्सला जावें लागलें. १५०४ पर्यंत नेपल्स स्पेनच्या घशांत गेलें. म्हणजे ज्या राजरक्ताच्या अभिमानासाठीं पुढें एवढा अनर्थ झाला त्या रक्ताला राज्य उरलेलेंच नव्हतें. हातचें वैभव गेलेल्या घराण्याला कुळाची ऐट जेवढी जपावीशी वाटते तेवढी वैभवांत असलेल्याला वाटत नाहीं. पेशवाई बुडाल्यानंतरच्या वाड्यांतून हें आपल्याही वाडवडिलांनीं पाहिलेलें आहे. त्या घराण्याजवळ आतां दोन वस्तु उरल्या होत्या: एका भावाची कार्डिनलची टोपी, आणि एका तरुण बहिणीचा हात. बहीण पुन्हां द्यावयाचीच झाली तर एखाद्या सत्ताधीशाच्या घरीं देतां आली असती. ती न देतां तशीच ठेवली तरी तिचें पावित्र्य हें कुळाच्या नांवावर जमा होतेंच. ती आपल्या मनानें स्वतःला देऊन मोकळी होईल, हा हिशेब कोणाच्या वहींत नव्हता.

तिनें निवडला तो अंतोनियो बोलोन्या. हा पदच्युत फेदेरीगो राजाचा जुना कारभारी. त्याच्याबरोबर फ्रान्सला गेलेला आणि राजाच्या मृत्यूनंतर परत आलेला. माणूस विद्वान, घोड्यावर उत्तम बसणारा, चांगल्या घरचा. पण राजकन्येच्या पंक्तीचा नव्हे. गुप्तपणें विवाह झाला आणि कांहीं वर्षें लपूनही राहिला. दोन मुलें झाल्यावर कुजबूज वाढली, तेव्हां अंतोनियो मुलांना घेऊन अँकोना बंदराकडे गेला. १५१० च्या नोव्हेंबरांत डचेसनें लोरेतोच्या मातेच्या दर्शनाला जातें असें सांगून मोठ्या लवाजम्यानिशीं अमाल्फी सोडलें, आणि अँकोनास पोंचल्यावर सर्व लोकांस बोलावून उघड सांगितलें कीं हा माझा पति, हीं माझीं मुलें, आणि यापुढें मला डचेसपद नको. लवाजम्यांतील लोकांनीं भावांकडे वर्दी पोंचविली. कार्डिनलनें आपलें वजन खर्चून त्या कुटुंबाला आधीं अँकोनांतून आणि मग सिएनांतून हांकलून लावविलें. व्हेनिसच्या वाटेवर त्यांना घोडेस्वारांनीं गांठलें. अंतोनियो थोरल्या मुलाला घेऊन मिलानला निसटला. जोव्हान्ना, धाकटीं दोन मुलें आणि दासी यांना अमाल्फीस परत नेण्यांत आलें, आणि त्यानंतर त्यांना कोणीही पाहिलें नाहीं. गांवावरच्या डोंगरांत एक जुना बुरूज आहे. ती तेथें कोंडलेली होती असें लोक आजही सांगतात. १५१३ च्या आक्टोबरांत मिलानच्या रस्त्यावर दानिएले बोझोलो नांवाच्या एका लष्करी माणसानें अंतोनियोला ठार केलें. वेब्स्टरचा बोसोला तो हाच.

आणि हा सगळा व्यूह रचणारा कार्डिनल लुइजी कोण? तो स्वतः १४९२ मध्यें तत्कालीन पोपच्या नातीशीं लग्न केलेला गृहस्थ. बायको लवकर वारली, तेव्हां त्यानें आपली सरदारकी भावाला देऊन धर्माची वाट धरली आणि विशीबाविशींत कार्डिनल झाला. पुढें इटालियन काव्यांत नांव मिळविलेली तुल्लिया द आरागोना नांवाची गणिका ही याचीच मुलगी असें लोक बोलत. सोंवळें बहिणीचें, आपल्यापुरतें नव्हे! वेब्स्टरनें नाटकांत कार्डिनलला ज्यूलिया नांवाची, दुसऱ्याची बायको असलेली उपस्त्री दिली आहे. ती त्याची कल्पना असली तरी तिच्यांत अतिशयोक्ति आहे असें म्हणवत नाहीं.

एक गोष्ट येथें स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती धर्मानें विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी केलेली नाहीं. तरुण विधवांनीं लग्न करावें असा सेंट पॉलचाच उपदेश आहे. युरोपांत विधवा सर्रास लग्नें करीत. तरीही उपदेशग्रंथ लिहिणाऱ्यांचा सूर निराळा होता. हुआन लुइस व्हिव्हेस या स्पॅनिश पंडितानें १५२३ च्या सुमारास स्त्रीशिक्षणावर एक ग्रंथ लिहून इंग्लंडच्या कॅथरीन राणीला अर्पण केला. त्यांतील विधवेनें गेलेल्या नवऱ्याच्या स्मरणांत आणि ईश्वरचिंतनांत दिवस काढावयाचे. कायद्याचाही कल तसाच. रोमन कायद्याच्या परंपरेंत अज्ञान मुलाचें पालकत्व आईला मिळे, तें पुनर्विवाह न करण्याच्या वचनावर. म्हणजे धर्म परवानगी देतो, पण मुलाचा ताबा, जहागिरीचा कारभार आणि लोकांतली पत या तिन्हींची किंमत देऊन. आपल्याकडे १८५६ च्या पंधराव्या कायद्यानें विधवाविवाह मान्य केला, पण त्याच्याच दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह केलेल्या स्त्रीचा पूर्वपतीच्या मिळकतीवरचा हक्क, ती जणूं त्या क्षणीं मेलीच असें धरून संपविला. हें कलम आम्ही जेव्हां प्रथम वाचलें तेव्हां आम्हांला वेब्स्टर माहीत नव्हता. वेब्स्टर वाचतांना मात्र तें कलम डोळ्यांपुढून हलेना.

ही हकीकत सांगणारा पहिला लेखक मात्तेओ बँडेल्लो. हा धर्मोपदेशक त्या सुमारास मिलानमध्येंच होता, आणि अंतोनियोशीं त्याची ओळख असावी असें दिसतें. त्यानें १५५४ मध्यें ही कथा छापली, आणि त्याचा सूर दयेचा आहे. तेथून ती फ्रान्समध्यें बेलफोरेकडे गेली. त्यानें तिच्यांत पानोपानीं उपदेश घुसविला आणि डचेसला कामांध ठरविलें. विल्यम पेंटर या इंग्रजानें १५६७ मध्यें बेलफोरेचें भाषांतर केलें, तेव्हां उपदेश तसाच आला. स्पेनमध्यें लोपे द व्हेगानेंही याच कथेवर नाटक रचलें, तें १६१८ मध्यें छापलें गेलें. वेब्स्टरच्या हातीं आलें तें पेंटरचें पुस्तक. म्हणजे ज्या पुस्तकानें बाईला दोषी धरलें त्याच पुस्तकांतून त्यानें तिला निर्दोष करून काढली. नाटककाराची मोठी करामत आमच्या मतें हीच. तोडलेला हात आणि मेणाचीं प्रेतें हीं नव्हेत.

असें करण्याचें धैर्य त्याला कोठून आलें? लंडन हें त्याचें उत्तर आहे. वेब्स्टरचा बाप गाड्या बनविणारा, एका मोठ्या व्यापारी श्रेणीचा सभासद होता. अशा वस्तींत विधवा हें कांहीं कोपऱ्यांत बसलेलें माणूस नव्हे. इंग्लंडच्या कायद्यांत लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःचें असें अस्तित्व जवळ जवळ नसे. नवरा वारला म्हणजे मात्र तिला तें प्राप्त होई. पतीच्या स्थावराच्या तिसऱ्या हिश्शाचें उत्पन्न तिला हयातभर मिळे, ती करार करी, फिर्याद लावी, नवऱ्याचा धंदाही चालवी. कुमारी बापाची, सौभाग्यवती नवऱ्याची, आणि विधवा तेवढी स्वतःची, अशी ती विलक्षण रचना होती. म्हणूनच तिच्याविषयीं एवढा धाक आणि एवढी टवाळी. गंमत अशी कीं १६१५ मध्यें निघालेल्या व्यक्तिचित्रांच्या एका संग्रहांत साध्वी विधवा आणि सामान्य विधवा अशीं दोन चित्रें आहेत, आणि तीं वेब्स्टरचींच असें विद्वान मानतात. त्यांतली साध्वी पुन्हां लग्न करीत नाहीं! एकाच माणसानें दोन-तीन वर्षांच्या अंतरानें दोन्ही लिहावें याचें कोणाला आश्चर्य वाटेल. ज्यानें एकत्र कुटुंबांत चार दिवस काढले आहेत त्याला वाटणार नाहीं. मनुष्य चारचौघांत जें बोलतो आणि माजघरांत ज्याची कणव करतो, त्यांत अंतर असतेंच.

शिवाय लंडनकरांच्या डोळ्यांपुढें एक ताजें उदाहरण होतें. जेम्स राजाची चुलतबहीण आर्बेला स्टुअर्ट हिचा गादीवर दूरचा हक्क लागत असल्यामुळें तिला कोणाशींच लग्न करूं दिलें जात नव्हतें. पस्तिशींतल्या त्या स्त्रीनें १६१० च्या जूनमध्यें विल्यम सीमूरशीं गुपचूप लग्न केलें. दोघांना कैद झाली. पुढच्या वर्षीं ती पुरुषवेषानें पळाली, पण समुद्रावर पकडली गेली, आणि १६१५ मध्यें लंडनच्या किल्ल्यांतच वारली. नाटक प्रथम झालें तें १६१३-१४ च्या सुमारास. अंतोनियोची भूमिका करणारा विल्यम ऑस्लर १६१४ च्या डिसेंबरांत वारला, तेव्हां त्याच्या आधींचें तें खास. म्हणजे रंगभूमीवर डचेस बंदींत होती तेव्हां नदीकांठच्या किल्ल्यांत आर्बेलाही बंदींत होती. राजाच्या नांवें चालणाऱ्या मंडळीला राजाविरुद्ध अक्षर बोलतां येत नसे. इटलीचें नांव घेऊन काय वाटेल तें बोलतां येई. प्रॉटेस्टंट इंग्रजांना इटली म्हणजे विषप्रयोग, कारस्थान आणि पोप; १६०५ मध्यें पार्लमेंट दारूनें उडविण्याचा कॅथलिकांचा कट फसल्यावर तर विचारूंच नये. व्हेनिसच्या वकिलातींतला ओरात्सियो बुसिनो नांवाचा धर्मोपदेशक १६१८ मध्यें चिडून लिहितो कीं हे इंग्रज रंगभूमीवर कार्डिनल आणून त्याची विटंबना करतात. तो वर्णन करतो तें हेंच नाटक असें मानतात.

आतां विवाहाचा प्रकार पाहूं. हा भाग आमच्या विशेष आवडीचा आहे. डचेस आणि अंतोनियो यांच्या लग्नांत पाद्री नाहीं, देऊळ नाहीं. एका खोलींत, पडद्याआड उभी असलेली दासी कॅरिओला एवढीच साक्षी. तरी तें लग्न कायदेशीर होतें. त्या काळचा नियम असा कीं दोघांनीं वर्तमानकाळीं क्रियापद वापरून, मी तुझा स्वीकार करतों, असें म्हटलें कीं विवाह झाला. भविष्यकाळीं म्हटलें, तर तो नुसता वाङ्निश्चय. लट् असेल तर पत्नी, लृट् असेल तर वाग्दत्त वधू! व्याकरणाला एवढी प्रतिष्ठा आमच्या पाठशाळेंतही मिळाली नाहीं. कॅथलिक धर्मसभेनें १५६३ मध्यें पाद्री आणि साक्षीदार आवश्यक ठरविले, पण प्रॉटेस्टंट इंग्लंडांत जुना नियम १७५३ च्या कायद्यापर्यंत चालला. धर्माधिकाऱ्यांना असले विवाह आवडत नसत, पण ते रद्दही करतां येत नसत.

हा आपला गांधर्व विवाहच, हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. मनूनें तो आठांत गणला, क्षत्रियांना मोकळा ठेवला. आणि कालिदासानें त्याचा धोका दाखविला. साक्षी नसलेल्या लग्नाचा पुरावा काय? एक आंगठी. शकुंतलेची आंगठी पाण्यांत पडली, माशाच्या पोटांतून परत आली, आणि राजाला आठवण झाली. डचेसही आपली विवाहाची आंगठी अंतोनियोच्या बोटांत घालते. पुढें लोरेतोच्या देवस्थानांत कार्डिनल धर्मवस्त्रें उतरून शस्त्र धारण करतो आणि बहिणीच्या बोटांतील आंगठी हिसकून घेतो. नंतर काळोखांत फर्डिनंड तिच्या हातीं एक हात देतो. ती तो आपल्या भावाचा समजून चुंबते, तर त्या हातावर आंगठी असते आणि तो मेलेला असतो. आमच्या नाटकांत आंगठी हरवते ती दुर्वासाच्या शापानें, आणि शापाला उःशाप असतो. येथें ती घेणारे हात सख्ख्या भावांचे आहेत.

हा प्रवेश ब्लॅकफ्रायर्स नांवाच्या, छप्पर असलेल्या नाटकगृहांत मेणबत्त्यांच्या उजेडांत होई. बत्त्या दूर केल्या कीं खरोखरच अंधार. तेथें बसायला निदान सहा पेन्स पडत, तर उघड्या ग्लोबमध्यें एका पेनींत उभें राहतां येई. फर्डिनंडचें काम बर्बेज करी, तोच हॅम्लेट करणारा. डचेसचें काम मात्र मुलगा करी. इंग्लंडांत १६६० पर्यंत स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं बालगंधर्वांना पाहिलें आहे त्यांना याचें हंसूं येणार नाहीं. त्या मुलाला पेलावें लागे तें काम सोपें नव्हे. चौथ्या अंकांत मारेकरी दोरी घेऊन आले असतां डचेस आक्रोश करीत नाहीं. ती आपलें पद उच्चारते, धाकट्या मुलाला खोकल्याचें औषध द्यायला आणि मुलीकडून झोंपण्यापूर्वीं प्रार्थना म्हणवून घ्यायला सांगते, आणि मग गुडघे टेकते. राजरक्ताचा अभिमान ज्यांनीं तिच्यावर लादला त्यांच्यापेक्षां तो तिनेंच नीट वापरला.

शेवटीं एका विसंगतीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं; चाळीस वर्षें तांबडी पेन्सिल वापरल्याचा हा परिणाम. फर्डिनंड बहिणीच्या मृत्यूनंतर म्हणतो कीं ती विधवाच राहिली असती तर तिच्यामागें तिचें अपार धन मला मिळालें असतें. पण पहिल्या नवऱ्यापासून तिला मुलगा आहे असा उल्लेख याच नाटकांत एकदां येऊन गेलेला आहे. मग धन मामाला कसें मिळणार? वेब्स्टर तें विसरला, किंवा फर्डिनंडच्या तोंडीं त्यानें मुद्दामच लटकी सबब घातली. शेवटच्या प्रवेशांत तर अंतोनियोचा थोरला मुलगा पुढें आणला जातो, आणि आईच्या हक्कानें त्याला स्थापावें असें ठरतें. इतिहासांत तसें झालें नाहीं. अमाल्फीचा ड्यूक झाला तो पहिल्या नवऱ्याचा, बापामागें जन्मलेला अल्फोन्सो. त्यानें पुढें सिएनाचेंही सेनापतिपद भूषविलें. आई त्या बुरुजांत गेली तेव्हां तो अकरा-बारा वर्षांचा असावा.